गच्चीवरची भाजी, पुणे: मे ते नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी

१२ मे २०२४

गॅलरी बाद. आमची गॅलरी दक्षिणेची, थंडीत ऊन पार सोफ्यापर्यंत येतं, म्हणून इथे टोमॅटो-मिरची आरामात होईल असं धरून चाललो होतो. आज दुपारी बघितलं तर ग्रिलच्या आत उन्हाची रेघ पण नाही. पुण्यात शून्य सावली दिवस १३-१४ मेच्या आसपास असतो, त्या दिवशी सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि मग तो अजून उत्तरेला सरकतो तो थेट जुलैच्या शेवटी परत डोक्यावर येतो. म्हणजे पूर्ण जून-जुलै दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला, आणि दक्षिणेच्या गॅलरीला नुसता उजेड. पावसाळ्यात सुरू करणाऱ्यांनी हे आधी बघा, डिसेंबरात कुठे ऊन येतं त्यावर जाऊ नका.

नर्सरीत झाडांच्या पाटीवर फुल सन, सेमी शेड वगैरे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तिथल्या काकांनी सांगितला तो असा: फुल सन म्हणजे झाडावर थेट पडणारं ऊन दिवसाला निदान सहा तास, सेमी शेड म्हणजे सकाळचं तीन-चार तास आणि मग सावली. फळ धरणारं काहीही, म्हणजे टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, दोडका, सगळं फुल सन. पालेभाजी कमी उन्हात भागवते. उजेड आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, खोली कितीही लख्ख असली तरी टोमॅटोला त्याचं काही नसतं.

तर मग गच्ची. सोसायटीला विचारावं लागणार.

१५ मे

सेक्रेटरी काकांनी हो म्हटलं, अटी दोन. स्लॅबच्या मधोमध काही ठेवायचं नाही आणि माती पावसाच्या पाइपात जाता कामा नये. पहिली अट मला उगाच वाटली होती पण हिशोब केल्यावर पटली. लोकांची ये-जा असणाऱ्या गच्चीसाठी आयएस ८७५ या इमारतींच्या भारांच्या भारतीय मानकात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरतात, म्हणजे साधारण दीडशे किलो. आता १५ बाय १५ इंचाची ग्रो बॅग घ्या, त्यात ४३ लिटर माल बसतो, मातीच भरली आणि ती पावसात पूर्ण भिजली की एक बॅग साठ-सत्तर किलोला जाते. अशा दोन बॅगा एका चौरस मीटरात ठेवल्या की तेवढ्या जागेचा कोटा जवळपास संपला, आपण उभं राहायचं पण बाकी आहे. म्हणून बहुतेक बॅगा १२ बाय १२ च्या, त्या २२ लिटरच्या होतात, मोठ्या फक्त टोमॅटो आणि दोडक्याला, आणि सगळं कठड्याच्या कडेने जिथे खाली बीम आणि भिंत आहे. इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला दाखवूनच घ्या.

१८ मे

खरेदी. ग्रो बॅग लहान १० (४५ ने ४५०), मोठ्या ४ (८० ने ३२०), कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाच किलोच्या दोन विटा ५००, गांडूळखत ५० किलो ७५०, निंबोळी पेंड दोन किलो १४०, रोपांचे दोन ट्रे १२०, बियाणं ३८०. झाले २६६० रुपये. सगळं वर चढवायला एका माणसाला ३०० दिले, आमच्याकडे लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही.

ग्रोथ बूस्टरची बाटली पण गळ्यात मारत होते, ती नाही घेतली.

बियांच्या पाकिटावर एफ १ लिहिलेलं असेल तर तो हायब्रीड, त्याच्या फळातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर झाड तसंच येईल याची खात्री नाही. बी धरायचं असेल तर सुधारित किंवा देशी वाण मागायचा. मी दोडका फुले सुचेता घेतला, तो राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आहे, बाकी टोमॅटो हायब्रीड. काही बिया गुलाबी-लाल रंगाच्या निघतात, ते बुरशीनाशकाचं पुट असतं, हात धुवा आणि पोरांच्या हातात देऊ नका. धने मात्र वाण्याकडचेच आणले.

२४ मे

माती. या एका गोष्टीत सगळ्यात जास्त वेळ गेला त्यामुळे सविस्तर लिहितेय.

दिरांनी फलटणहून शेतातली काळी माती दोन पोती गाडीत टाकून आणली, फुकट आणि कसदार, म्हटलं झालं काम. दोन मोठ्या बॅगा नुसत्या काळ्या मातीने भरल्या, थोडं खत मिसळलं, भरपूर पाणी घातलं. नंतर कडक ऊन लागलं आणि मातीचा अख्खा गोळा आक्रसून बॅगेच्या कडेपासून सुटला, फट अशी की करंगळी सहज आत जावी. वरून पाणी ओतलं की फटीतून सरळ खाली आणि भोकांतून बाहेर. बघणाऱ्याला वाटेल ड्रेनेज काय झकास आहे. खुरप्याने गोळा फोडला तर आत ढेकूळ कोरडं ठणठणीत. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, शेतात भेगा पडल्या तरी खाली जमीन खोल असते आणि मुळं कुठेही जातात, बॅगेत बिचारी कुठे जाणार.

नर्सरीतून तांबडी माती तीन गोण्या आणली (३९० रुपये) आणि सगळं ओतून परत मिसळलं. शेवटी जे जमलं ते प्रमाण: दोन घमेली माती (तांबडी आणि काळी निम्मी निम्मी), दोन घमेली कोकोपीट, एक घमेलं गांडूळखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. नर्सरीवाले ज्याला पॉटिंग मिक्स म्हणतात ते हेच, प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. यातली माती झाडाला धरून ठेवते आणि वजन देते, कोकोपीट पाणी धरतं आणि पोकळी ठेवतं, खत खाऊ घालतं. कोकोपीटमध्ये स्वतःचं खाणं जवळपास काहीच नसतं, नुसत्या कोकोपीटमध्ये लावलं तर सगळं बाहेरून द्यावं लागतं. आणि त्यात क्षार असतात म्हणून वीट टबात भिजवून पाणी पिळून टाकायचं, पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं, दुसरं जरा फिकं, तिसऱ्याला मी थांबले. पाच किलोच्या विटेचं भिजून साठ-पासष्ट लिटर होतं, लहान बादलीत भिजवायला घेऊ नका.

तयार मिश्रण बरोबर आहे की नाही हे बघायचं कसं, तर ओलं करून मूठ भरून दाबायचं. गोळा व्हायला पाहिजे, बोटाने टोचल्यावर तो फुटायला पाहिजे, आणि दाबताना पाणी ठिबकायला नको. सासरे फोनवर म्हणाले, "वाफसा आला की कळतं गं हाताला." शेतात पाऊस उघडल्यावर जमिनीत ओल पण असते आणि हवा पण खेळते, पाय घातला तर चिखल होत नाही, तो वाफसा. बॅगेत पण सदासर्वकाळ तोच पाहिजे. हे मी तेव्हा नुसतं ऐकलं.

२ जून

पेरणी. टोमॅटो, मिरची, वांगी ट्रेमध्ये, कारण यांचं रोप करून मग हलवता येतं. भेंडी, गवार, दोडका थेट बॅगेत. मेथी-कोथिंबीर पसरट क्रेटमध्ये आणि ते क्रेट खाली गॅलरीत, पावसाचा मार लागत नाही म्हणून. मुळा-गाजर-कोथिंबीर असलं सोटमूळवालं काही ट्रेमध्ये करून हलवायला जाऊ नये, मूळ दुखावलं की बसलंच.

खोली: बी जेवढं जाड त्याच्या दुप्पट-तिप्पट माती वर, बास. टोमॅटोचं बी अर्धा सेंटीमीटरपेक्षा खाली नको, दोडक्याचं दोन सेंटीमीटर चालतं. दोडक्याचं बी रात्रभर भिजवलं. धन्याचा एक दाणा म्हणजे आत दोन बिया असतात, म्हणून लाटणं हलकं फिरवून दाणे दोन फाकांत फोडायचे, चुरा नाही करायचा.

८ जून

मेथी सगळ्यात आधी, मग टोमॅटो, दोडका. मिरची अजून नाही. मिरचीला दोन आठवडे पण लागतात, उकरून बघू नका (आमच्याकडे एका व्यक्तीने बघितलं, नाव सांगत नाही).

पहिली जी दोन पानं येतात ती बीजपत्रं, ती सगळ्यांची साधारण सारखीच दिसतात, त्यांच्यात बियातलाच शिधा असतो. त्यानंतर झाडाच्या खऱ्या आकाराची पानं येतात. रोप हलवायचं ते चार-पाच खरी पानं आल्यावर.

ट्रे खिडकीत ठेवला होता, टोमॅटो उंच किडमिडीत झाले आणि सगळे काचेकडे वाकले. ऊन कमी पडलं की असंच होतं. ट्रे गच्चीच्या जिन्याच्या पत्र्याखाली नेला.

१३ जून

पाऊस सुरू झाला आणि टोमॅटोची अर्ध्याच्या वर रोपं गेली. काल संध्याकाळी ठीक होती, आज सकाळी आडवी. पानं हिरवीगार आणि खोड बरोबर मातीच्या पातळीला पिचलेलं, पाणी धरल्यासारखं, चिमटीत धरलं तर साल निसटते. याला रोपं कोलमडणं म्हणतात. मातीतली बुरशी, तिला ओल, दाटी आणि कोंदट हवा लागते, आणि माझ्या ट्रेमध्ये तिन्ही होतं कारण एकेका कप्प्यात चार-चार बिया टाकल्या होत्या आणि सकाळ-संध्याकाळ शिंपण चालू. कोलमडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्यावर औषध शोधत बसू नका.

काय केलं: ती रोपं मातीसकट काढून टाकली, उरलेल्यांत विरळणी केली म्हणजे कप्प्यात एकच ठेवून बाकीची कात्रीने कापली (उपटली तर शेजारच्याचं मूळ हलतं), पाणी आता वरून नाही, ट्रे दहा मिनिटं उथळ पाण्यात ठेवायचा, खालून ओल चढली की उचलायचा, आणि वरची माती फिकट दिसेपर्यंत परत नाही. ट्रायकोडर्मा आणलं, १५० रुपये, ही चांगली बुरशी, ती वाईट बुरशीला वाढू देत नाही. लिटरला पाच ग्रॅम घालून ते पाणी मातीत ओतलं. असं औषध मातीत मुळाशी ओतण्याला आळवणी म्हणतात, पानावर उडवलं की फवारणी, पाकिटावर दोन्ही शब्द येतात आणि प्रमाण वेगळं असतं तेव्हा नीट वाचा. टोमॅटो परत पेरले, पंधरवडा गेला.

२३ जून

वांगी-मिरचीच्या रोपांचं हार्डनिंग सुरू. पत्र्याखाली वाढलेलं रोप एकदम उन्हा-वाऱ्यात ठेवलं की पानं पांढरी पडतात, म्हणून आधी सकाळचं थोडं ऊन, रोज वाढवत आठवड्याभरात पूर्ण दिवस. पाणी पण जरा हात राखून.

३० जून

वांगी-मिरची बॅगेत. संध्याकाळी लावली, ढगाळ होतं ते बरंच झालं. ट्रे आधी भिजवला, रोप मातीच्या गड्ड्यासकट खालून ढकलून काढलं, खोडाला धरून ओढायचं नाही. मिरची ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर. टोमॅटो (दुसरी बॅच, अजून लहान आहे) लावताना मात्र खोड खालच्या पानांपर्यंत पुरायचं, कारण त्याच्या खोडाला जिथे माती लागेल तिथे मुळं फुटतात.

११ जुलै

भेंडी पिवळी पडायला लागली, खालची पानं आधी. खालची पानं पिवळी म्हणजे नत्र कमी असं सगळीकडे सांगतात म्हणून १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत आणलं (किलो १८०), लिटरला दोन ग्रॅम घालून दिलं. चार दिवसांत अजून वाईट. दुपारी झाड मान टाकतं, म्हणजे तहानलेलं वाटतं, म्हणून वर पाणी पण घातलं.

आज एक झाड सरळ उपटलं. मुळं पांढरी पाहिजेत ती तपकिरी, बोटाने ओढल्यावर वरचं साल हातात येतंय आणि गटाराचा वास. म्हणजे पाणी कमी नव्हतं, मातीत हवाच शिल्लक नव्हती. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते, ती मिळाली नाही की ती पाणी ओढायचंच सोडतात, आणि झाड भर पाण्यात उभं राहून सुकतं. खत पण त्याच मुळांनी घ्यायचं, कुठून घेणार.

पण मिश्रण तर नीट होतं मग पाणी का थांबलं? बॅग उचलली तर खाली स्लॅबवर चप्प बसलेली, तळाची सगळी भोकं फरशीने बंद. शिवाय दोन बॅगांच्या तळाला मी दोन-तीन इंच खडी टाकली होती, ड्रेनेजसाठी खडी टाका असं दहा जण सांगतात, आणि नेमक्या त्याच दोन जास्त चिखल. झालं असं की बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, खडीच्या वर येऊन थांबतं. तळाशी जो ओला चिंब थर नेहमीच राहतो तो खडीमुळे गेला नाही, उलट दोन-तीन इंच वर सरकला, मुळांच्या अजून जवळ. कुंडीच्या भोकावर खापराचा एक तुकडा ठेवायचा तो माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढाच ठीक.

आज सगळ्या बॅगा विटांवर घेतल्या, बॅगेखाली दोन विटा आणि मधे मोकळं. तळाच्या कडेला अजून चार-चार भोकं पाडली, गरम केलेला जुना स्क्रू-ड्रायव्हर. खडी काढली. खत बंद. कुंड्यांच्या खालच्या बशा पावसाळाभर काढून ठेवल्या, तसंही त्यात डासांची अंडी होतात.

आणि पाणी घालायचं वेळापत्रक रद्द. बोट दोन पेरं आत घालायचं, ओलं लागलं तर निघून जायचं. लहान कुंडी असेल तर उचलून बघायची, वजनावरून कळतं. सासरे म्हणाले होते हाताला कळतं ते हेच बहुतेक.

२५ जुलै

रात्रभर पाऊस. सिंहगड रोडला नदीचं पाणी सोसायट्यांत शिरलंय, आमच्याकडे तसं काही नाही. गच्चीच्या पाइपाच्या तोंडाशी कोकोपीट तरंगत येऊन साचलं होतं, पाणी तुंबायला लागलं, भिजत जाऊन काढलं. पाइपाच्या जाळीवर आता अजून एक बारीक नायलॉन जाळी बांधलीय. भेंडी निम्मी सावरलीय, नवी पानं हिरवी आहेत.

४ ऑगस्ट

खताचं थोडं. पाकिटावर तीन आकडे असतात ते नत्र, स्फुरद, पालाश याच क्रमाने, शेकडा प्रमाण. नत्र पाल्याला, स्फुरद मुळांना आणि फुलोऱ्याला, पालाश फळाला आणि एकूण काटकपणाला, ढोबळमानाने. १९:१९:१९ मध्ये तिन्ही सारखी. माझ्या शेजारणीने फुलं येत नाहीत म्हणून युरिया घातला आणि जास्वंदीचा नुसता पाला माजला, कारण युरियात फक्त नत्र, ४६ टक्के. गांडूळखत, शेणखत यांत आकडे छोटे असतात पण माती भुसभुशीत राहते. ताजं शेण कुंडीत टाकायचं नाही, ते कुजताना तापतं, पूर्ण कुजलेलं म्हणजे वास न येणारं आणि हातात भुगा होणारं.

मी आता महिन्यातून एकदा बॅगेला दोन मुठी गांडूळखत, वरची माती हलवून. विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी, आणि फक्त ओल्या मातीत. कोरड्या मातीत दिलं की मुळं भाजतात.

नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर यांचं जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत, करून बघायचं होतं. मूळ प्रमाण २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दहावा हिस्सा करायला घेतला होता पण गच्चीवर वास सुटल्यावर सेक्रेटरी काका तिसरी अट घालतील म्हणून राहू दिलं.

१७ ऑगस्ट

दोडका. मांडवाला बांबू आणि जाळी ४२० रुपये. वेल जोरात, जुलैपासून पिवळ्या फुलांचा नुसता सडा, फळ एक नाही. मला वाटलं काही कमी पडतंय. काही नाही, आधी नरफुलंच येतात, घोसात येतात, देठ नुसता लांब असतो. मादीफूल एकटं येतं आणि त्याच्या मागे बोटभर रेघारेघांचा दोडका आधीच तयार असतो, त्यावरून ओळखायचं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मादीफुलं आली, आणि तो बोटभर दोडका पिवळा होऊन गळायला लागला. परागीभवन झालं नाही की असं होतं.

इथे गंमत आहे. मी सकाळी सकाळी ब्रश घेऊन जात होते कारण काकडी-भोपळ्याचं सकाळी करतात. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं! सकाळपर्यंत ते मलूल झालेलं असतं. आता दिवेलागणीला मोबाइलचा टॉर्च घेऊन वर जाते, ताजं नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि मधला पिवळ्या धुळीचा भाग मादीफुलाच्या मधल्या ओलसर गाठीवर हलकेच फिरवायचा, एका नराने दोन-तीन माद्या होतात. बोटाला पिवळं लागलं म्हणजे पराग आहे. दुधीचं पांढरं फूल पण संध्याकाळचंच. टोमॅटो-वांगी-मिरचीला हा खटाटोप नाही, त्यांच्या एकाच फुलात दोन्ही असतं, फांदी टिचकीने हलवली तरी पुरतं.

तीन दोडके धरलेत. रोज जाऊन बघणं चालू आहे.

५ सप्टेंबर

परवा गणपती, आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. शेंड्यांना आणि कळ्यांच्या देठाशी पांढरा कापूस, खालची पानं चिकट, त्यावर काळी बुरशी. खोडावर मुंग्यांची रांग. मुंग्या त्या गोड चिकट्यासाठी येतात आणि पिठ्याला इकडून तिकडे नेतात पण, त्यामुळे मुंग्या चढताना दिसल्या की शेंडे उलटून बघायचेच.

फार लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले, कंपोस्टमध्ये नाही. बाकीच्यावर पाइपाचा जोरदार फवारा, मग संध्याकाळी निंबोळी तेल, लिटरला पाच मिली. तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून आधी तेलात थोडा लिक्विड साबण घोटून मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं, शेवटचा फवारा निव्वळ तेलाचा जातो आणि पानं करपतात. उन्हात फवारायचं नाही. आठवड्याने परत, कारण अंडी एका दमात मरत नाहीत. तेल १८०, हातपंप २५०. मावा, पांढरी माशी यांनाही हेच, पानाच्या खालच्या बाजूला, कारण ते तिथेच बसतात. गणपतीला फुलं मिळाली चार, बाकी मंडईतून.

२१ सप्टेंबर

टोमॅटो पावसाळ्यात लावू नका असं माझं मत झालंय, निदान पहिल्यांदा करणाऱ्याने. पानांवर तपकिरी गोल ठिपके, ठिपक्यात वर्तुळं, खालून वर चढत गेले, हा करपा. पानं ओली राहिली की पसरतो. खालची फूटभर पानं काढून टाकली, मातीचं पाणी उडून पानांना लागू नये म्हणून.

पान आणि खोड यांच्या बेचक्यात नवीन कोंब येतात ते बगलफुटवे. माझा वाण वेलीसारखा वाढत जाणारा आहे, त्याचे फुटवे खुडले नाहीत तर झुडूप होऊन आत हवा खेळत नाही. पण झुडपी वाण असेल, जो ठरावीक उंचीला थांबतो, त्याचे खुडू नका, फळ तिथेच येतं. पाकिटावर लिहिलेलं नसतं बरेचदा, दुकानात विचारा.

दोन टोमॅटोंना बुडाशी काळा खोलगट डाग आला. ही कीड नाही, रोगही नाही, फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं, आणि ते बहुतेक वेळा एक दिवस कोरडं एक दिवस चिंब केल्याने. मागचा आठवडा पाऊस नव्हता आणि आम्ही गावाला. परत पाण्याचंच.

१३ ऑक्टोबर

काल दसरा, झेंडू घरचा. जुलैत पेरलेला, रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला होता, जीव तुटला तेव्हा, पण शेंडा गेला की बाजूने फांद्या फुटतात आणि प्रत्येकीवर कळ्या. एक झाड मुद्दाम न खुडता ठेवलं होतं, ते उंच गेलं आणि वाऱ्याने लवंडलं.

ऑक्टोबर हीट चालू. आता उलटा प्रश्न, संध्याकाळपर्यंत बॅग हलकी. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या फार तापतात, त्यांना गोणपाट गुंडाळलं. मातीवर वाळलेल्या पानांचा तीन बोटं थर टाकला, आच्छादन, खोडापासून थोडं लांब. आच्छादन केलेल्या बॅगेत बोट घातलं तर ओल, शेजारच्या उघड्या बॅगेत वरचे दोन इंच धूळ. खर्च शून्य, सोसायटीचा झाडूवाला दादा पोतंभर पानं देतो आणि वर हसतो.

१० नोव्हेंबर

हिशोब: सुरुवातीचे २६६० आणि हमाली ३००, नंतर माती ३९०, ट्रायकोडर्मा १५०, खत १८०, मांडव ४२०, तेल आणि पंप ४३०. एकूण ४५३०. मिळालं काय तर दोडके बऱ्यापैकी, मिरची घरापुरती आणि अजून चालू, भेंडी दोनदा भाजीपुरती, वांगी थोडी, टोमॅटो किलोभर असतील, मेथी-कोथिंबीर सतत. भाजीच्या भावात हे बसत नाही, बॅगा आणि पंप पुढच्या वर्षीही आहेत एवढंच.

दोडका आणि टोमॅटो काढले. बॅगेतली माती फेकायची नाही. ताडपत्रीवर पसरली, मुळं वेचली, ढेकळं फोडली, आठवडाभर कडक उन्हात उलटीपालटी केली. करपा आलेल्या टोमॅटोची माती वेगळी ठेवलीय, त्यात टोमॅटो-वांगी-मिरची-बटाटा यांपैकी काही नाही, सगळे एकाच कुळातले, रोग एकमेकांना देतात. त्यात मेथी आणि पालक. माती बसून कमी झालेली असते, म्हणून चार घमेल्यांना एक घमेलं गांडूळखत, पेंड आणि थोडं ट्रायकोडर्मा, ओलसर करून पंधरा दिवस गोणपाटाखाली झाकून.

मुळा आणि गाजर आज पेरलं, लहान बॅगांतच, खोली पुरते. टोमॅटोचं बी परत ट्रेमध्ये टाकलंय, कप्प्याला एकच. थंडीत बघू काय म्हणतोय. गांडूळखत संपत आलंय, या वेळी दोन पोती घ्यायची आणि हमाली आधी ठरवून घ्यायची.